लिफ्ट विकत मिळते, जमीन तयार करावी लागते

शाहूपुरीपासून शिवाजी उद्यमनगरापर्यंत एक फेरी मारली, तर गेल्या काही वर्षांत आपल्या गॅरेज व्यवसायात झालेला बदल सहज दिसतो. पूर्वी ज्या गाळ्यात जॅक, लोखंडी घोड्या आणि फार तर एक खड्डा असायचा, तिथे आता दोन खांबांची हायड्रोलिक लिफ्ट उभी असते. ही आनंदाची गोष्ट आहे. उताणे पडून, डोळ्यांत माती आणि तेल घेत काम करण्याचे दिवस संपत आहेत. कारागिराची पाठ वाचते, काम लवकर होते आणि ग्राहकालाही गाडीखाली काय चालले आहे ते उभ्याने पाहता येते.

परंतु लिफ्ट घेऊ पाहणाऱ्या आपल्या बांधवांशी बोलताना एक गोष्ट सतत खटकते. कोणती कंपनी, किती टनांची, हप्ता किती, मोटर सिंगल फेज की थ्री फेज, एवढे सगळे प्रश्न विचारले जातात. ती ज्या जमिनीवर उभी राहणार, त्या जमिनीविषयी मात्र कोणी विचारत नाही. लिफ्टचा ट्रक दारात येतो, त्याच दिवशी जुन्या कोब्यात भोके पाडली जातात, बोल्ट ठोकले जातात आणि संध्याकाळी पेढे वाटून पहिली गाडी वर चढते. माझे स्पष्ट मत आहे की ही घाई चुकीची आहे आणि ती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. लिफ्टची रक्कम जमवण्याआधी जमिनीची रक्कम बाजूला काढावी. ती निघत नसेल, तर लिफ्ट एक वर्ष पुढे ढकलावी.

माझी चूक

हे मी शहाणपणाच्या तोऱ्यात लिहीत नाही. मीही हीच चूक केली आहे. पहिली लिफ्ट घेतली, तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने विचारले, "जमीन पक्की आहे ना?" मी अभिमानाने म्हणालो, "वीस वर्षांचा कोबा आहे. भरलेला टेम्पो उभा राहतो यावर." त्याने मान डोलावली आणि ड्रिल सुरू केले. त्याने जमीन तपासली नाही, मीही तपासायला सांगितले नाही.

सहा-सात महिने सगळे ठीक चालले. एके दिवशी दुपारी एक जीप वर होती आणि खाली आमचा एकोणीस वर्षांचा शागीर्द गिअर बॉक्सचे तेल काढत होता. तो मध्येच थांबून म्हणाला, "उस्ताद, खांब हलाय लागलाय." मी आधी हसण्यावारी नेले. वाकून पाहिले तेव्हा उजव्या खांबाची तळपट्टी बाहेरच्या बाजूने जमीन सोडून वर आली होती. वहीचा पुठ्ठा आत सरकेल एवढी फट होती. पोराला बाहेर ओढला आणि गाडी इंचाइंचाने खाली घेतली. त्या दिवशी काही वाईट घडले नाही, पण रात्री झोप लागली नाही. त्याची आई माझ्या भरवशावर त्याला कामाला पाठवत होती.

दुसऱ्या दिवशी कोबा फोडला. माझा वीस वर्षांचा पक्का कोबा अडीच इंचांचा निघाला. त्याखाली विटांचे तुकडे आणि भुसभुशीत भराव होता, आणि एका ठिकाणी तर हात जाईल एवढी पोकळी होती. टेम्पो उभा राहत होता हे खरे होते. पण टेम्पो जमिनीला खाली दाबतो. लिफ्टचे तसे नाही.

ओढ वरच्या दिशेने असते

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी चूक येथेच होते. दोन खांबी लिफ्टमध्ये गाडी खांबांच्या वर नसते, दोन खांबांच्या मध्ये हातांवर लटकलेली असते. त्यामुळे प्रत्येक खांब आतल्या बाजूला झुकू पाहतो आणि त्याच्या पाठीमागचे बोल्ट जमिनीतून वर उपटले जाऊ पाहतात. पहार टेकवून दगड उचलतो तसाच हा प्रकार आहे.

साधा हिशेब मांडू. गाडी १६०० किलोची आहे, म्हणजे एका खांबाच्या वाट्याला ८०० किलो आले. तळपट्टीच्या आतल्या कडेपासून गाडीचा भार २ फूट आत धरा आणि त्याच कडेपासून बाहेरचे बोल्ट सव्वा फूट मागे धरा. ८०० ला २ ने गुणले तर १६०० झाले, त्याला सव्वाने भागले तर १२८० आले. खांबाचे स्वतःचे वजन थोडे मदतीला येते, तरीही हजार-बाराशे किलोंची ओढ त्या मागच्या दोन-तीन बोल्टांवर येते. गाडीचा पुढचा भाग जड असेल, किंवा वर असताना कोणी नट सोडवायला पान्याला लोंबकळले, तर ही ओढ आणखी वाढते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ओढ सोसण्याची त्याची ताकद मात्र दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. म्हणून पातळ कोब्यातून बोल्ट एकटा निघत नाही, भोवतीचा काँक्रीटचा टवका घेऊन उपटतो.

शिवाय गाड्याही बदलल्या. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते. आज आपल्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बोलेरो, इनोव्हा, स्कॉर्पिओ या गाड्या दीड ते दोन टनांच्या घरात आहेत. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर तळाशी बॅटरीचे ओझे असते, त्यामुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा त्या जड भरतात. जमीन जुनी आणि गाडी नवी, असा हा मामला आहे.

आपल्या पेठेची जमीन

शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारी पेठ. गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. येथील जुने गाळे आणि गोदामे पोती, रवे, बैलगाड्या आणि ट्रक यांच्यासाठी बांधलेली होती. खाली मुरमाचा भराव आणि वर शहाबादी फरशी किंवा पातळ कोबा एवढे त्या कामाला पुरेसे होते. ज्याने ते बांधले त्याचा दोष नाही. त्याच्या डोळ्यांपुढे लिफ्ट नव्हती.

दुसरी गोष्ट पाण्याची. जयंती नाला जवळून वाहतो. पंचगंगेला फूग आली की नाल्याचे पाणी मागे सरते आणि पेठेच्या सखल भागात शिरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शाहूपुरी कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नर परिसराने ते भोगले आहे. पाणी ओसरले, गाळ धुतला, शटर रंगवले की आपण पूर विसरतो. पण जमिनीखाली शिरलेले पाणी परतताना भरावातली माती बरोबर नेते आणि कोब्याखाली पोकळी ठेवून जाते. जिथे खाली काळी माती आहे तिथे आणखी एक त्रास असतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा कोबा तडकतो.

म्हणून पहिले काम तपासणीचे. जिथे खांब येणार तिथे हातोडीने ठोकत जावे. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे असे समजावे. त्यानंतर, मन कितीही नको म्हणाले तरी, तिथे एक फूटभर खड्डा खणून पाहावा. कोबा किती जाड आहे, खाली काय आहे, ओल किती आहे, हे डोळ्यांनी दिसते. शहाबादी फरशीवर लिफ्ट कधीही बसवू नये. फरशी काढलीच पाहिजे. खाली तळघर किंवा दुसऱ्याचा गाळा असेल, तर इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

काम कसे करून घ्यावे

प्रत्येक चांगली कंपनी लिफ्टबरोबर पायाचा नकाशा देते. तो लिफ्ट आल्यावर मागायचा नसतो, पैसे देण्यापूर्वी मागायचा असतो. त्यातली मापे अंतिम समजावीत. चार ते सहा इंच जाडीचे चांगले काँक्रीट चालते असे अनेक लिफ्टच्या कागदांत लिहिलेले असते. ते खाली घट्ट जमीन गृहीत धरून लिहिलेले असते. आपल्याकडे भरावाचा भरवसा नसल्याने मी स्वतः जास्त धरतो. दोन्ही खांबांखालून जाणारा १४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि १ फूट खोल असा एकसंध पट्टा घालावा. दोन खांबांखाली दोन वेगळे ठोकळे घातले, तर एक खचला की लिफ्ट वाकडी होते. एकसंध पट्ट्यात ही भीती कमी.

खोदाई काँक्रीटच्या तळापेक्षा आणखी नऊ इंच ते एक फूट खाली न्यावी. काळी माती लागली तर ती काढून टाकावी. दगडाचे सोलिंग करून, मुरूम भरून, पाणी मारून धुम्मसाने थराथराने ठोकून घ्यावे. एकदम फूटभर भरून वरून ठोकलेला मुरूम खाली पोकळच राहतो. खालून ओल येऊ नये म्हणून जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. सळईची जाळी खाली आणि वर अशी दोन्हीकडे द्यावी आणि ती काँक्रीटच्या कडेपासून दोन इंच आत राहील असे पाहावे. बोल्ट जिथे येणार तिथल्या सळया आधीच सरकवून ठेवाव्यात. नंतर ड्रिल सळईवर अडकले की कारागीर भोक तिरपे करतो.

माल १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग खडी या प्रमाणात असावा. वर सांगितलेल्या पट्ट्याला साधारण दीड घनमीटरहून थोडे जास्त काँक्रीट लागते, म्हणजे सिमेंटच्या तेरा गोण्या. लिफ्टच्या किमतीपुढे हा खर्च किती आहे ते ज्याचे त्याने ताडून पाहावे.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्यावर ठेवावे. या प्रमाणाच्या काँक्रीटसाठी ५० किलोंच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असे भारतीय मानक ४५६ सांगते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. गवंडी मात्र माल सहज पसरावा म्हणून बादलीने ओततो आणि आपण चहा पीत बसतो. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्या दिवशी दुकान बंद ठेवून मालकाने स्वतः पाणी मोजून द्यावे. व्हायब्रेटर भाड्याने मिळतो, तो आणावा.

पट्ट्याची पातळी रबरी नळीने किंवा लेव्हलने तपासून घ्यावी. गॅरेजला गटाराच्या बाजूने उतार द्यायची आपली सवय आहे. ती चांगली आहे, पण उतार लिफ्टच्या पट्ट्याबाहेर द्यावा. खांब ओळंब्यात आणण्यासाठी कंपनीने दिलेल्या पातळ पट्ट्याच वापराव्यात आणि त्याही मर्यादेत. तळपट्टीखाली फरशीचा किंवा विटेचा तुकडा सरकवणे म्हणजे खांब हवेत उभा करणे होय.

त्यानंतर धीराची परीक्षा. बाजारात बहुतेक ठिकाणी पोझोलाना सिमेंट मिळते. त्याला किमान १० दिवस आळे करून पाणी साठवून ठेवावे. आणि काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी धरली जाते, म्हणून तोपर्यंत ड्रिल लावू नये. "आठ दिवसांत दगड झालाय" असे सांगणारे खूप भेटतील. वरून तो दगड दिसतोही. पण बोल्टची पकड वरच्या कातडीवर नसते, आतल्या गाभ्यावर असते. महिनाभर ती जागा अडवणे परवडत नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे. त्यावर एक सुचवतो. रमजानमध्ये आपली गॅरेजे अर्धवेळच चालतात. रमजानचा चंद्र दिसताना काँक्रीट घातले, तर ईदेच्या चंद्राला ते तयार असते.

भोक बोल्टच्या मापाच्याच बिटने, सरळ आणि नकाशात दिलेल्या खोलीचे पाडावे. आतली भुकटी फुंकणीने किंवा हवेच्या नळीने पूर्ण काढावी, नाहीतर बोल्ट भुकटीवर बसतो आणि पकड घेत नाही. नट टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाएवढेच आवळावेत. लांब पाईप लावून अंगाच्या जोरावर आवळू नयेत. नट फिरतोच आहे आणि घट्ट होत नाही, असे दिसले तर तिथेच थांबावे. त्याच भोकात पाचर मारून चालवून नेणे हा गुन्हा समजावा. पहिल्या आठवड्यानंतर आणि पुढे दर महिन्याला नट पुन्हा तपासावेत. पूर येऊन गेला तर तपासल्याशिवाय लिफ्ट सुरू करू नये. आणि मोटर व स्विच बसवतानाच मागच्या पुराची खूण भिंतीवर पाहून त्याच्या वर घ्यावेत.

भाड्याच्या गाळ्याचा प्रश्न

आता खऱ्या अडचणीकडे येतो. आपले बहुतेक गॅरेजवाले भाड्याच्या जागेत आहेत. "दुसऱ्याच्या जमिनीत सिमेंट का घालू? उद्या मालकाने उठवले तर?" हा प्रश्न योग्य आहे. लिफ्ट उचलून नेता येते, पाया तिथेच राहतो.

याला उत्तर पातळ कोबा हे नव्हे. उत्तर आहे कागद. काम सुरू करण्यापूर्वी जागामालकाशी बोलावे. जमीन खोदण्याची परवानगी, किमान किती वर्षे जागा राहील आणि पायाच्या खर्चातला काही भाग भाड्यात वळता होईल का, हे लिहून घ्यावे. आपल्याकडे जबानीवर फार चालते आणि पुढच्या पिढीत तेच कोर्टात जाते. मालक समंजस असेल तर त्यालाही पटते की पक्की जमीन हा त्याच्याच जागेचा फायदा आहे.

मालक नकारच देत असेल तर चार खांबी लिफ्टचा विचार करावा. तिच्यात गाडी चार खांबांच्या मधोमध फळ्यांवर चढते, भार मुख्यतः खाली जातो आणि बोल्टवर उपटण्याची ओढ फारशी येत नाही. तिलाही सपाट व घट्ट काँक्रीट लागतेच, पण तिची मागणी सौम्य असते. जागा मात्र जास्त जाते. तेही जमत नसेल तर चांगले जॅक आणि मजबूत घोड्या यांवर काम करण्यात कमीपणा नाही.

जुन्या खड्ड्याची तरफदारी करणारेही आहेत. त्यांना मी एवढेच म्हणेन की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साठते. एक ठिणगी पुरते. शिवाय आपल्या पेठेत पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होते. १९२५ साली अमेरिकेत पीटर लुनाटी नावाच्या कारागिराने न्हाव्याची वरखाली होणारी खुर्ची पाहून मोटार उचलण्याची हायड्रोलिक लिफ्ट बनवली. कारागिराने कारागिरासाठी शोधलेली वस्तू आहे ती. ती जरूर घ्यावी, पण तिच्या अटींवर.

उद्यमनगरातला लेथवाला किंवा पॉवर प्रेसवाला मशीन मागवण्याआधी फाउंडेशन घालतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही, कारण पाया कच्चा असेल तर त्याचा जॉब बिघडतो आणि माल परत येतो. आपल्या लिफ्टचा पाया कच्चा राहिला तर परत येण्यासारखे काही नसते. फरक एवढाच की त्याच्या चुकीची किंमत रुपयांत मोजता येते.

माझी ज्येष्ठ उस्तादांना विनंती आहे की एखादा तरुण लिफ्ट घेतोय असे कळले, तर मुबारकबाद द्यायला जाताना हातोडी बरोबर न्यावी आणि त्याची जमीन ठोकून पाहावी. आणि तरुण गॅरेजवाल्यांनी, पहिली गाडी वर चढवण्याआधी, रिकाम्या हाताने स्वतः त्या दोन खांबांच्या मध्ये उभे राहून स्वतःला विचारावे की या जागी आपला मुलगा उभा असता, तर आपण आज लिफ्ट सुरू केली असती का. माझा तो शागीर्द आज स्वतःचे गॅरेज चालवतो. त्याने लिफ्ट घेतली, तेव्हा आधी महिनाभर त्या जागेवर नुसते पाणी साठवून ठेवले होते.